लाईट लख्ख, हॉर्न खणखणीत, तरी सेल्फ फिरत नाही

प्रश्न थोडक्यात असा: मोर्शी तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदार भावाकडे चार वर्षांचा लहान डिझेल ट्रॅक्टर आहे. फवारणीचा ब्लोअर आणि बागेतलं गवत कापायची मशीन त्यावरच चालते. सकाळी चावी फिरवली की एकदाच ‘टक’ असा आवाज येतो, पण सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरत नाही. लाईट आणि हॉर्न व्यवस्थित चालतात. धक्का मारला की लगेच सुरू होतो. दुपारी इंजिन गरम असलं की बहुतेक वेळा सेल्फ घेतो. आतापर्यंत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, दुसरी सव्वा महिन्यापूर्वी. आता मिस्तरी म्हणतात सेल्फ मोटर बदला. बदलू का?

भाऊ, मोटर आत्ता बदलू नका. तिसरी बॅटरीही घेऊ नका. वरुडच्या बाजूला मी सत्तावीस वर्षं ट्रॅक्टरच्या वायरिंगचंच काम करतो. तुम्ही सांगितलेली लक्षणं घेऊन येणाऱ्या गाड्यांत बॅटरी आणि मोटर दोन्ही धडधाकट असतात आणि खोट त्या दोघांच्या मधल्या रस्त्यात असते. माणसं मात्र आधी बॅटरी बदलतात, मग मोटर. नवीन पार्ट बसवताना जुने नट उघडले जातात, थोडे घासले जातात, म्हणून आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालते आणि दोष गेला असं वाटतं. तुमच्या दोन्ही बॅटऱ्यांनंतर असंच झालं असेल, असा माझा अंदाज आहे.

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, “भाऊ, लाईट तं लख्ख जयते, मंग सेल्फ काऊन नाही फिरत?” याचं उत्तर नीट समजलं की निम्मं काम झालं, म्हणून थोडा हिशेब सांगतो. दोन हेडलाईट मिळून आठ-नऊ अँपिअर करंट घेतात. सेल्फ मोटर थंड डिझेल इंजिन फिरवायला शंभर-दीडशे अँपिअर ओढते, पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. आता समजा, अर्थच्या वायरच्या (बॅटरीचा मायनस गाडीच्या लोखंडाला जोडणारी वायर) नटाखाली गंज चढला आणि तिथे ०.०२ ओहम इतकाच अडथळा तयार झाला. लाईटच्या नऊ अँपिअरला तिथे ०.१८ व्होल्ट कमी पडतील, ते डोळ्याला दिसणारही नाही. दीडशे अँपिअर जायला लागले की त्याच जागी ३ व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरी मुळात १२ व्होल्टची, तीही सेल्फ मारताना स्वतःच दहा-अकरावर उतरते, त्यातून आणखी ३ गेले तर मोटरच्या हाती सात-आठ उरतात. तेवढ्या व्होल्टात सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातो आणि ‘टक’ वाजतो, पण मोटरमध्ये इंजिन फिरवायचा जोर राहत नाही.

सकाळी त्रास आणि दुपारी बरं, याचंही कारण यातच आहे. सकाळी ऑईल घट्ट असतं, इंजिन जड फिरतं, मोटरला करंट जास्त लागतो, म्हणून त्या अडथळ्यावर जास्त व्होल्ट पडतात. थंडीत, आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडांना ताण दिलेला असतो त्या दिवसांत, ही तक्रार वाढते ती त्यामुळेच. दुपारी इंजिन सैल झालेलं असतं, बॅटरीही चार्ज झालेली असते, म्हणून कसंबसं निभावतं. उलटं असतं, म्हणजे सकाळी एका चावीत सुरू आणि भर उन्हात काम करून बंद केला की घेत नाही, तर मी आधी मोटरच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो ती कडी) आणि कार्बनवर (घासत राहून आत करंट देणारे तुकडे) संशय घेतला असता.

आवाजावरून बरंच कळतं. तुमचा एकच ‘टक’ आहे. ‘टकटकटकटक’ असा बंदुकीसारखा आवाज असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जोरात ओढणारी आणि दुसरी धरून ठेवणारी. कॉन्टॅक्ट जुळला की मोटर करंट ओढते, कमजोर बॅटरीचा व्होल्टेज एकदम पडतो, धरून ठेवणारी गुंडाळी सुटते. कॉन्टॅक्ट सुटला की व्होल्टेज पुन्हा वर येतो, पुन्हा ओढतो. ते चक्र आपल्याला टकटक ऐकू येतं. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा क्लचखालचा सेफ्टी स्विच बघायचा. मोटर भर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (मोटरचं दातेरी चाक इंजिनला जोडणारा भाग) घसरतो आहे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले आहेत. तिथे करंटचा प्रश्नच नाही.

आता तपासणी. पण त्याआधी एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. आपल्याकडे सेल्फ घेतला नाही की खाली वाकून सोलेनॉइडच्या दोन बोल्टवर पेचकस टेकवायची सवय आहे. ठिणगी उडते आणि मोटर फिरते. असं केलं की चावी आणि सेफ्टी स्विच दोन्ही बाजूला पडतात, गाडी गिअरमध्ये असली तरी सुरू होते, आणि वाकलेला माणूस नेमका मागच्या चाकाच्या समोर असतो. लहान ट्रॅक्टरसुद्धा माणसाच्या अंगावरून सहज जातो. माझ्या ओळखीतल्या एका घरात हे घडलं आहे, तेव्हापासून माझ्या दुकानात पोरांनाही हे करू देत नाही. तुम्हीही करू नका, आणि तुमच्या गड्यालाही सांगा.

तपासताना गिअर न्यूट्रल, पीटीओ (मागचं यंत्र फिरवणारा दांडा) बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेटतो. बॅटरी काढायची असेल तर आधी मायनस काढा आणि लावताना मायनस शेवटी लावा. प्लसचा नट उघडताना पाना बॉडीला लागला तरी मग भडका होत नाही.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल, वरुड-मोर्शीत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. बझरवर (वायर जोडलेली असली की मीटर वाजतो ती जागा) ठेवून वायर तपासू नका. केबलच्या साठ तारांपैकी एक शाबूत असली तरी बझर वाजतो आणि तुम्ही वायर चांगली समजता. टेस्ट लॅम्पचंही तसंच, तो अर्धा अँपिअर घेतो आणि लख्ख पेटतो. सेल्फची वायर सेल्फ मारत असतानाच तपासायची. मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो ते एवढंच.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी आधी मोजा. १२.६ च्या आसपास दाखवली तर पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली असेल तर आधी बाहेरून चार्ज करून घ्या, नाहीतर पुढची सगळी मोजणी फसवी येईल. मग एका माणसाला सीटवर बसवा, क्लच दाबायला सांगा, स्टॉपची नॉब ओढून धरायला सांगा, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन सुरू होणार नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही आणि मध्ये मिनिटभर मोटरला विसावा द्यायचा.

पहिलं मोजमाप: मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या शिश्याच्या खुंट्यांवर टेकवा, क्लॅम्पवर नाही. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर जाम होऊन फार करंट ओढते आहे. तुमच्या गाडीत ‘टक’ होताना हा आकडा बाराच्या आसपासच राहील असं मला वाटतं. तसं झालं तर समजा, पुरेसा करंट निघतच नाही आहे, वाटेत अडला आहे.

दुसरं मोजमाप अर्थचं, आणि यावर वेळ घालवा. एक सुई बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी सेल्फ मोटरच्या लोखंडी बॉडीवर, रंग खरवडून. सेल्फ मारा. दोघांमध्ये ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. एक, दोन, तीन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. मग एक सुई तशीच ठेवून दुसरी सरकवत या: आधी क्लॅम्पवर, मग वायरच्या थिंबलवर (टोकाला दाबलेली धातूची कडी), मग ज्या बोल्टला ती कसली आहे त्या बोल्टवर, मग चेसीवर, मग इंजिनवर. जिथे आकडा एकदम उडी मारतो, त्या दोन ठिकाणांच्या मध्येच खोट आहे.

अर्थवर मी एवढा भर का देतो? दसऱ्याच्या तोंडावर एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर पूजेसाठी चकाचक करायचा म्हणून चेसी रंगवून घेतली. रंगाऱ्याने अर्थची पट्टी सोडली, खाली छान दोन हात मारले आणि पट्टी वर कसून दिली. रंगावर पट्टी! सोनं लुटायच्या दिवशी गाडी दोरीने ओढून पूजेला आणावी लागली. तोही बॅटरी बदलून माझ्याकडे आला होता. नट उघडला, पॉलिश पेपरने लोखंड चमकवलं, पट्टी बसवली, दहा मिनिटांचं काम.

संत्र्याच्या बागेत याला आणखी एक कारण जुळतं. डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळतो तो रोग) तुम्ही बोर्डो मारता, म्हणजे मोरचूद आणि चुना. ब्लोअरचं तुषार मागे उडतं, वाऱ्याने थोडं गाडीवरही बसतं. मोरचूद लोखंडाला खातं, हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून तर ते लोखंडी बादलीत भिजवत नाहीत. तेच अर्थच्या बोल्टवर, थिंबलवर, क्लचखालच्या स्विचवर बसतं आणि दवात ओलं होत राहतं. फवारणी झाली की टाकी धुता, तसा गाडीचा मागचा भाग आणि बॅटरीच्या आजूबाजूची जागाही साध्या पाण्याने धुवून कोरडी करा. प्रेशरचा पाईप मात्र थेट सेल्फ मोटरवर आणि वायरच्या जोडांवर धरू नका.

आणि बॅटरीच्या क्लॅम्पवर जी निळी-हिरवी बुरशी येते ना, तीही मोरचूदच. बॅटरीतलं गंधकाचं तेजाब वायरच्या तांब्याला लागून ते तयार होतं. पांढरी पूड असते ती शिशाची. निळं दिसलं म्हणजे वायरचं तांबं खाल्लं जात आहे. क्लॅम्पमागे बोटभर वायर वाकवून बघा. कडक लागली, करकरली, तर वरचं रबर सोलून बघा. आत तांबं लाल-चकचकीत हवं. काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन थिंबल दाबून घ्या, पक्कडने चेपलेलं नको, मोठ्या हाताच्या क्रिम्परने. काळं लांबवर गेलं असेल तर वायरच बदला.

वायर घेताना जाडी रबराची बघू नका, तांब्याची बघा. सेल्फसाठी ३५ चौरस मिलिमीटरची केबल लागते. लहान गाडीला २५ चीही चालते, अंतर कमी असेल तर. गावात पंपाची अडीच एमएमची वायर दुहेरी-तिहेरी पिळून अर्थला लावलेली मी पाहिली आहे. अडीच एमएमच्या दीड मीटर वायरवर दीडशे अँपिअरला दीड व्होल्टपेक्षा जास्त जातात, शिवाय ती तापते. आणि ट्रॅक्टरच्या बाजूला कडबा नाहीतर कापसाच्या गंज्या असतात, हे लक्षात ठेवा.

सफाई कशी करायची तेही सांगतो. बॅटरीची झाकणं घट्ट बंद करा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून क्लॅम्प धुवा. सोडा आत गेला तर तेजाब मारलं जातं, म्हणून झाकणांचं म्हटलं. मग खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा, कोरडं करा, कसा, आणि कसून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आधी ग्रीस फासून मग क्लॅम्प घालू नका.

तिसरं मोजमाप प्लसच्या बाजूचं. एक सुई बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरी सोलेनॉइडच्या ज्या जाड बोल्टवर बॅटरीची केबल येते त्यावर. सेल्फ मारताना इथेही ०.२-०.३ च्या आत हवं. मग दुसरी सुई उचलून पलीकडच्या बोल्टवर, जिथून पट्टी मोटरच्या आत जाते. ‘टक’ वाजल्यावर इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. पहिल्या बोल्टवर ०.२ आणि दुसऱ्यावर ४ किंवा ६ दिसले, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळाले आहेत. हजारो वेळा ठिणगी पडून ते खड्डेदार होतात. अर्थनंतर माझा तुमच्या गाडीवर दुसरा संशय हाच आहे. सोलेनॉइड वेगळा मिळतो, त्यासाठी अख्खी मोटर घ्यायची गरज नाही. जुना काढून सोबत न्या आणि बोल्टची जागा, दांड्याची लांबी जुळवूनच नवीन घ्या.

चौथं, सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर, बॉडीला दुसरी सुई लावून. चावी फिरवल्यावर तिथे साडेदहाच्या वर हवं. आठ-नऊ येत असेल तर चावीचा स्विच, फ्यूजचा डबा किंवा क्लचचा सेफ्टी स्विच यांच्यात करंट मुरतो आहे. तुमच्याकडे प्रत्येक वेळी ‘टक’ दमदार येत असेल तर हा भाग बहुधा ठीक आहे. कधी येतो आणि कधी नाही, असं असेल तर इथे बघाच. स्विच बरे असूनही लांब वायरीमुळे व्होल्टेज कमी पडत असेल तर एक १२ व्होल्टचा चार पायांचा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावून घेता येतो: ३० नंबरला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून सोलेनॉइडच्या बारीक बोल्टला, ८६ ला चावीकडून येणारी जुनी वायर, ८५ अर्थला. यात सेफ्टी स्विच जसाच्या तसा कामात राहतो, म्हणून मला हा उपाय आवडतो. तो स्विच खराब निघाला तर नवीन टाका. दोन वायरी पिळून कायमचा जोड मारून देणारे मिस्तरी भेटतील, त्यांना नको म्हणा. गिअरमध्ये राहून गेलेला ट्रॅक्टर लहान पोराने चावी फिरवली म्हणून सुरू होऊ नये, एवढ्यासाठी तो आहे.

या स्विचवरून आठवलं. एका फार्महाऊसवर बसून चालवायची पेट्रोलची गवत कापणी मशीन आहे, ती सुरू होत नाही म्हणून मला नेलं होतं. तिच्यात तीन स्विच होते: सीटखाली, ब्रेकच्या पेडलला आणि पात्याच्या लिव्हरला. त्या मशीनमध्ये तिन्ही जुळल्याशिवाय सेल्फला करंट जातच नव्हता. सोलेनॉइडही मोटरवर नव्हता, बाजूला वेगळा होता. तिथला माळी वजनाने हलका, आणि सीटच्या स्विचची पिन गंजून सैल झालेली, त्यामुळे मालक बसला की मशीन सुरू आणि माळी बसला की बंद. चार महिने सगळे त्या माळ्यालाच बोल लावत होते. पुढे तुम्ही घ्याल त्या मशीनला असे स्विच असतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

चारही मोजमापं बरोबर आली आणि मोटरच्या बोल्टवर दहा व्होल्ट पोचूनही ती फिरत नसेल, तेव्हाच मोटर खोला. तेव्हाही बहुतेक वेळा कार्बन झिजलेले असतात किंवा बुश खाल्लेले असतात आणि आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) घासत असतं. कार्बन, बुश बदलून कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) साफ केला की मोटर पुन्हा कामाला लागते. आर्मेचर जळलं असेल तर मग नवीन मोटरचा विचार.

एक राहिलं. तुमची पहिली बॅटरी खरंच गेली होती का, हे आता कळणार नाही, पण या बॅटरीची काळजी घ्या. गाडी सुरू असताना, थोडी रेस देऊन, खुंट्यांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेरा-साडेतेराच्या खाली असेल तर डायनामो किंवा पट्टा बघा. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे आणि तो बॅटरीचं पाणी उकळून टाकेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर जातो, तेव्हा पाणी तसंही झपाट्याने आटतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून बघा, प्लेटा उघड्या पडू देऊ नका. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, विहिरीचं नको आणि आरओचंही नको. तेजाब वरून कधीच टाकू नका.

उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, धक्का मारायच्या आधी अर्थचं मोजमाप घ्या. आकडा ०.३ व्होल्टच्या वर आला तर मीटर ठेवून द्या आणि पाना हातात घ्या: मायनसचा क्लॅम्प, चेसीचा बोल्ट आणि इंजिनची पट्टी हे तिन्ही जोड उघडून घासून कसा. आकडा चांगला आला तर सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर जा. जे आकडे येतील ते कागदावर लिहून मला कळवा, पुढचं मग बोलू.